कचरा कुणाचा, काम कुणाचं?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे तो असा : घरातल्या टाकाऊ वस्तूंचं निरनिराळ्या समाजांत काय करतात, आणि या सवयी घरोघरी वेगळ्या का असतात. विषय कळल्यावर आपल्यातल्याच एक-दोघी म्हणाल्या, ‘हिंसा आहे, रेशन आहे, जमिनीचा हक्क आहे, आणि कचऱ्यावर काय बोलणार?’ त्यांचं बरोबर आहे. पण मी गेली बारा-तेरा वर्षं पुण्याच्या वस्त्यांमध्ये काम करते आहे, आणि मला दिसतं ते असं की घरातला कचरा बाई हाताळते, घराबाहेर आलेला कचराही बहुतेक वेळा बाईच हाताळते, आणि या दोघींच्या मध्ये जात उभी असते. म्हणून मला बोलायचंच आहे.

मध्यंतरी आमच्याकडे एक छापील प्रश्नावली आली होती. कुठल्या कार्यालयाकडून ते सोडून द्या. पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही घरातला कचरा वेगळा करता का? होय / नाही.’ मी एका घरात प्रश्न वाचला. घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, आत सहा माणसं. बाईंनी मलाच विचारलं, ‘ताई, कचरा म्हंजी काय काय धरायचं?’ मग त्यांनी दाखवायला सुरुवात केली. तेलाचे प्लॅस्टिकचे कॅन : त्यात पाणी साठवलेलं. सिमेंटची गोणी उसवून केलेला मोरीचा आडोसा. जुन्या फ्लेक्सचं छत. मुलीचा शाळेचा फ्रॉक, तो आधी थोरलीचा, त्याआधी ‘कामावरच्या म्याडमच्या’ मुलीचा. फुटक्या बादलीत कोथिंबीर. यातल्या कशाला कचरा म्हणायचं? प्रश्नावलीत याला रकानाच नव्हता. मी मग मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. पण त्या पाहणीचा अहवाल आला तेव्हा त्यात वाक्य होतं की झोपडपट्टीतल्या महिलांमध्ये कचरा वर्गीकरणाबाबत जागरूकतेचा अभाव आढळतो.

आता गावाकडे चला. आपल्यातल्या निम्म्याजणींचं बालपण गावात गेलं असेल. घरामागे उकिरडा. शेणाच्या गोवऱ्या, चुलीची राख भांडी घासायला, खरकटं पाणी म्हशीच्या आंबोणात, केर उकिरड्यावर, आणि उकिरडा उन्हाळ्यात शेतात. जुनी नऊवारी विरली की आधी पोराची बाळुती, मग गोधडी, मग पुसणं, आणि शेवटी चुलीजवळचं फडकं. मराठवाड्यात वाकळ म्हणतात. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका अशीच जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला त्या कौदी म्हणतात. थोडक्यात, घरातून बाहेर पडणारं काही उरायचंच नाही.

पर्यावरणावरच्या व्याख्यानांतून हल्ली हे फार कौतुकानं सांगतात, ‘आपली संस्कृतीच पुनर्वापराची.’ ऐकायला बरं वाटतं. पण त्या गोवऱ्या थापायच्या कुणी? गोधडी शिवायची कुणी, आणि कधी? दिवसभर रानात राबून आल्यावर. संस्कृती म्हणतात ती बाईच्या हाडांची झीज आहे, तिची कुणी मजुरी धरली नाही. आणि आज त्याच उकिरड्यावर गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं पडतात. खत शेतात पांगवताना ती हातानं वेचून बाजूला काढणारीही बाईच आहे. राहिलेली जमिनीत जातात, नाहीतर शेळीच्या पोटात.

या पुडीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. ‘गरीब लोक प्लॅस्टिक फार फेकतात’ असं सर्रास म्हटलं जातं. का फेकतात? ज्या घरात रोजच्या रोज मजुरी येते त्या घरात महिन्याचं सामान एकदम भरता येत नाही. तेल छोट्या पिशवीतून, चहापूड पुडीतून, शाम्पू, साबणपूड, कॉफी, सगळं एक-दोन-पाच रुपयांत. तेवढ्याच तेलामागं, तेवढ्याच साबणामागं वस्तीतल्या घराच्या वाट्याला वेष्टण जास्त येतं. पुन्हा ही वेष्टणं प्लॅस्टिक आणि चकचकीत पत्रा यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असतात. ते थर सहजी सुटत नाहीत, म्हणून भंगाराच्या दुकानात त्यांना किंमत नाही. याउलट दोन हजार चौरस फुटांच्या फ्लॅटमधून काय निघतं बघा : पुठ्ठ्याची खोकी, बाटल्या, वर्तमानपत्रं, काच. आपली कागद वेचणारी बाई त्याला ‘माल’ म्हणते. तिथला कचरा विकला जातो, म्हणून ते घर ‘जागरूक’ ठरतं. वस्तीतला विकला जात नाही, म्हणून ती नाल्याची दोषी. पुडी बनवणाऱ्याचं नाव या चर्चेत कुठेच येत नाही.

आता रद्दीकडे येऊ, कारण तिथं पैसा आहे. मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांच्या गटात मी एक प्रश्न नेहमी विचारते : रद्दीचे पैसे कुणाकडे जातात? सगळ्याजणी हसतात. मग एकेक उत्तर येतं. जुन्या चाळीत वाढलेल्या बायका सांगतात की आईकडे हिशोब न द्यावा लागणारा तेवढाच पैसा असायचा. दुधाच्या पिशव्या धुऊन, तारेवर वाळवून, महिनाभर साठवायच्या. बाटल्या धुऊन ठेवायच्या. रद्दीवाल्याच्या तराजूवर डोळा ठेवायचा. त्यातून भिशीचा हप्ता जायचा, माहेरी जायचं तिकीट निघायचं. म्हणजे साठवणं, धुणं, घासाघीस करणं या सवयीच्या मुळाशी निसर्गप्रेम असेलही, पण त्याच्या आधी हातात चार पैसे नसणं होतं. नोकरी करणाऱ्या सुनेनं ती सवय सोडली तर सासू म्हणते हल्लीच्या मुली उधळ्या. मी म्हणते तिला आता त्या चार पैशांची गरज उरली नाही, आणि पिशव्या धुवायला वेळही नाही.

बोहारीण आठवते ना? ‘भांड्येऽऽ’ अशी हाक. दारात बसकण मारायची, टोपलीत स्टीलची पातेली, डबे, ताटं. तीन शर्ट, एक पँट आणि वर एक साडी द्या, मग पातेलं. इकडून बाई म्हणणार दोनच शर्ट. तिकडून ती पँटची शिवण उलटी करून उसवलेलं दाखवणार. जरीच्या साडीला भाव वेगळा, कारण जुनी खरी जर वितळवून चांदी काढतात. यातल्या पुष्कळ बायका गुजरातेतून आलेल्या, ज्यांना लोक वाघरी म्हणतात आणि जे स्वतःला देवीपूजक म्हणवतात, त्या समाजाच्या. जुन्या कपड्यांची गाठोडी त्या घरी नेतात, धुतात, रफू करतात, इस्त्री करून भल्या पहाटेच्या बाजारात विकतात. तिथून ते कपडे मजुरांच्या अंगावर जातात. अगदी विरलेले सुती कपडे कारखान्यात यंत्रं पुसायला. केवढी मोठी साखळी ही! आणि ती सगळी डोक्यावरच्या टोपलीवर चालते.

आज बोहारणीला आपल्या इमारतीत शिरायला मिळत नाही. फाटकावर पहारेकरी असतो. ‘फेरीवाल्यांना प्रवेश बंद.’ कपडे आता संस्थेच्या पेटीत ‘दान’ होतात. दानात घासाघीस नसते, देणाऱ्याला पुण्य मिळतं आणि बोहारणीचा धंदा जातो. मला स्वतःला ती घासाघीस जास्त बरोबरीची वाटते. ती दारात बसून ‘हा चालायचा नाही’ म्हणू शकत होती. दान घेणाऱ्या बाईला असं म्हणता येतं का?

धर्माप्रमाणे, समाजाप्रमाणे सवयी बदलतात याचीही दोन-चार उदाहरणं सांगते, कारण वर्गीकरणाचं शिक्षण देताना आपण ती विसरतो. हिंदू घरांत निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत. नदीत सोडतात, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. देवाचा जुना फोटो, कॅलेंडर पिंपळाखाली ठेवतात. मुसलमान घरांत कुराणाच्या आयती छापलेला कागद रद्दीत जात नाही. तो वाहत्या पाण्यात सोडतात किंवा पुरतात, त्याला ‘ठंडा करना’ म्हणतात. आमच्या बौद्ध वस्तीत चौदा एप्रिलच्या अंकातलं बाबासाहेबांचं चित्र रद्दीत घालणार नाहीत. पान कापून भिंतीवर, नाहीतर पेटीत. बोहरा घरांत सगळे एका थाळाभोवती बसतात आणि दाणा वाया जाऊ देत नाहीत. मग कुणी ‘सगळा कागद सुका कचरा’ असं फळ्यावर लिहिलं की बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन आपलं आहे तेच करतात. ते बरोबरच आहे. आणखी एक. सोसायटीच्या खतखड्ड्यावर पाटी असते, ‘मांसाहारी पदार्थ टाकू नयेत.’ हाडं, मासळीचे काटे यांचा वास येतो, उंदीर-कुत्री येतात, हे खरं आहे. नीट झाकलं, वाळका पाला घातला तर तेही जिरतं. पण या पाटीच्या आडून ‘ते लोक घाण करतात’ हे वाक्य कितीदा बोललं जातं, तेही आपण ऐकलेलं आहे.

आता जे बोलणार आहे ते थोडं जड जाईल. उरलेल्या अन्नाचं काय करता? या प्रश्नाला शहरातल्या बहुतेक घरांत एकच उत्तर येतं : ‘बाईला देतो.’ म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईला. कालची पोळी, परवाची भाजी. फेकण्यापेक्षा बरं, असं आपण म्हणतो. गावगाड्यात महाराच्या घरी शिळीपाकी भाकर जायची आणि मेलेलं ढोर ओढायचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. गावाच्या टाकाऊ वस्तूंची विल्हेवाट जातीनं लावलेली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की मृत मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणं सोडा. पर्यावरणाच्या भाषेत बोलायचं तर एका समाजानं पुनर्वापराला नकार दिला, आणि तो नकार स्वाभिमानाचा होता. म्हणून ‘काहीही वाया जाऊ नये’ हे वाक्य मी सरसकट म्हणत नाही. कुणाच्या ताटात काय वाया जाऊ नये, हे आधी विचारते. घरकामगार बायकांच्या बैठकीत एकजण म्हणाली होती, ‘ताजं देत असतील तर घेते, शिळं असंल तर तिथंच सांगते, तुमच्या डब्यात टाका.’ तिच्या या उत्तरावर बाकीच्या अर्धा तास बोलत होत्या.

पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांमध्ये बहुसंख्य दलित. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर मराठवाड्यातून, सोलापुराकडून आलेली अनेक घरं. शेतमजुरी तुटली, घरकामाला जात आडवी आली, कुंडी मात्र सगळ्यांना मोकळी होती. कुंडीत हात घालायचा, कुत्र्यांशी भांडायचं, काच कापायची, वर चोरीचा आळ आणि पोलिसांचा त्रास. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यांनी सांगितलं की आम्ही कामगार आहोत, ओळखपत्र द्या. त्या दशकातच महापालिकेनं ओळखपत्रं मान्य केली. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था सुरू झाली : सभासद बाया घरोघरी जाऊन कचरा घेतात, प्रत्येक घर दरमहा शुल्क देतं, सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे. मुंबईत स्त्रीमुक्ती संघटनेनं १९९८ पासून परिसर विकासाचं काम याच बायांबरोबर केलं.

घर वेगळा कचरा देतं की नाही याचा या बाईच्या दिवसाशी थेट संबंध आहे. ओला-सुका वेगळा आला तर ती उभ्यानं काम करते. एकत्र आला तर उकिडवं बसून भाताच्या खरकट्यातून कागद काढते, आणि तो भिजलेला कागद कमी भावानं जातो. घनकचऱ्याचे नियम २००० साली आले, २०१६ साली नवे आले, वर्गीकरण बंधनकारक झालं. कायद्यानं फरक पडला, पण मला वस्तीत-सोसायटीत जिथं खरा बदल दिसला तिथं कारण साधं होतं : रोज तीच बाई दारात येत होती, तिचं नाव घरातल्यांना माहीत होतं. गाडीत लांबून पिशवी भिरकावणाऱ्या घराला कुणाचीच लाज वाटायची गरज नसते.

म्हणूनच यंत्रं आणि मोठे ठेके येतात तेव्हा आपण सावध असायला हवं. इजिप्तमधलं कैरो शहर घ्या. तिथं झब्बालीन म्हणून समाज आहे, बहुतेक कॉप्टिक ख्रिश्चन. पिढ्यान् पिढ्या ते मुसलमान-ख्रिश्चन सगळ्यांच्या जिने चढून दारातून कचरा न्यायचे, सुका विकायचे, ओला डुकरांना घालायचे. २००३ च्या सुमारास शहरानं परदेशी कंपन्यांना ठेके दिले. कंपन्यांनी रस्त्यावर डबे ठेवले. जिने उतरून तिथवर जायची लोकांना सवय नव्हती. मग २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं सरकारनं देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला. थोड्याच दिवसांत ओल्या कचऱ्याचे ढीग रस्त्यावर साचले. डुक्कर पाळायला कमी लेखणाऱ्यांच्याच दारात ते ढीग होते.

आणि आता पॅड. हा विषय कुठल्याही पाहणीत शेवटच्या पानावर असतो, मीही शेवटाकडेच आणला, पण आमच्या बैठकांमध्ये सगळ्यात जास्त वेळ हाच घेतो. पूर्वी कापड होतं. ते धुऊन पुन्हा वापरायचं, म्हणजे तोही पुनर्वापरच. पण उन्हात वाळवायची सोय नाही, मग पत्र्याच्या फटीत, दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात. ओलसर कापड, खाज, जळजळ. पॅड आल्यावर मुलींची सुटका झाली, ती मी अजिबात कमी लेखत नाही. पण वस्तीत एक सार्वजनिक संडास, पाणी नाही, डबा नाही; पॅड कुठे टाकणार? कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत, नाल्यात. सोसायटीत तेच पॅड सुक्या कचऱ्यात उघडं पडतं आणि सकाळी दुसऱ्या बाईच्या हातात येतं. पुण्यात कचरावेचक बायांनीच मागणी लावून धरली : कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालण्याआधी आम्हाला कळेल. २०१६ च्या नियमांत गुंडाळायचं वेष्टण उत्पादकानं पॅडबरोबर द्यावं असं होतं. दुकानातलं पाकीट उघडून बघा, मिळतं का ते.

एका बैठकीत कॉलेजच्या मुलीनं विचारलं, लाल ठिपका काढला तर वडिलांना कळेल की. तिथं बसलेल्या कागद वेचणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘अगं, मला रोज कळतं, त्यांना एकदा कळू दे.’

कार्यकर्त्या म्हणून आपल्यासमोर एक पेच आहे, तो मांडते. आपण ‘घरोघरी वर्गीकरण’ म्हणतो तेव्हा घरातल्या बाईच्या कामात रोज वीस मिनिटांची भर घालतो. ओला वेगळा, सुका धुऊन, पॅड गुंडाळून, खताचा डबा हलवून. सोसायटीच्या शिबिराला नव्वद टक्के बायका येतात आणि सूचना त्यांनाच दिल्या जातात. पैसेवाल्या घरात ते काम लगेच घरकामगार बाईकडे सरकतं, पगार न वाढवता. उलट वर्गीकरण केलं नाही तर भार कागद वेचणाऱ्या बाईवर. कुठूनही बघा, भार एका बाईवरून दुसरीवर जातो. घरातले पुरुष यात कुठे आहेत? माझ्या पाहण्यात ते दोन ठिकाणी असतात : सोसायटीच्या समितीत आणि भंगारच्या दुकानात तराजूमागे. खतखड्ड्याची पाळी बापयांनी घ्यायची असा ठराव आमच्या भागातल्या एका इमारतीत बायकांनी करून घेतला. आठवड्यातून दोन दिवस ते येतात, नाक मुरडत येतात, पण येतात.

पुढच्या महिन्यापासून आम्ही वस्ती, सोसायटी आणि कागद वेचणाऱ्या बाया अशा तिन्हींची एकत्र बैठक घेणार आहोत. पहिल्या बैठकीला तीनच प्रश्न ठेवले आहेत : तुमच्या घरात कचरा कोण वेगळा करतं, रद्दीचे पैसे कुणाकडे राहतात, आणि पॅड कुठे जातं. तुमच्या गटांतही हे विचारून बघा आणि आलेली उत्तरं, जशी बायका बोलल्या तशीच, पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.